चौथी क्वीन ॲन

प्रतिमा देशकर कुणाला पहिल्यांदा भेटली की समोरचा हमखास विचारायचा, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात हा प्रश्न नमस्काराच्या पाठोपाठ येतोच. प्रतिमा सांगायची, "मी नाइन वन वनला आहे. लोकांचे फोन घेते." समोरचा आधी हसायचा, कारण त्याला ती थट्टा वाटायची. मग थट्टा नाही हे कळलं की तो घाईघाईनं म्हणायचा, "अरे वा, इंटरेस्टिंग!" आणि पुढचा प्रश्न तिच्या नवऱ्याला विचारायचा.

नवरा, सुमंत, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. लग्न झाल्यावर नागपूरच्या धरमपेठेतून ती थेट मिशिगनमध्ये आली, तेव्हा वय सव्वीस होतं. सुरुवातीची नऊ वर्षं तिला नोकरी करायची परवानगीच नव्हती. मग तिनं काय केलं, तर गाडी चालवली. मुलीची शाळा, पोहण्याचा क्लास, भाजी, एअरपोर्ट. कुणाचे आईवडील भारतातून आले आणि त्यांना दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं असलं, की मुलगा-सून ऑफिसात आणि फोन प्रतिमाला. "वहिनी, तुम्ही असाल का दुपारी मोकळ्या?" ती असायचीच. अशा फेऱ्यांत तिला आसपासच्या तीन-चार गावांतला रस्ता न् रस्ता पाठ झाला. कुठला रस्ता मध्येच नाव बदलतो, कुठल्या पुलाखाली पाणी तुंबतं, कुठल्या वसाहतीला आत जायला एकच फाटक आहे, सगळं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी लायब्ररीतल्या फलकावर तिनं जाहिरात पाहिली. इमर्जन्सी डिस्पॅचर हवेत, म्हणजे नाइन वन वनवर आलेला फोन घेऊन ॲम्ब्युलन्स, पोलीस पाठवणारे. परीक्षा होती: कानानं ऐकत हातानं टाइप करायचं, एकीकडे नकाशा वाचायचा आणि या सगळ्यात आवाज चढू द्यायचा नाही. ती पहिल्या फेरीत पास झाली. सुमंतला काही पटलं नाही.

"अगं, शिफ्टची नोकरी. लोकांचं रडणं-ओरडणं ऐकत बसायचं. काय गरज आहे?"

"गरज म्हणून नाही," ती म्हणाली. "मला जमेल म्हणून."

तिला शिकवायला डार्लीन होती. सव्वीस वर्षं त्या खुर्चीत काढलेली, धिप्पाड, गळ्यात चष्म्याची साखळी. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "लोक तुला काय झालंय ते सांगायला लागतील. तू आधी विचारायचं, कुठे. फोन तुटला तरी कुठे ते माहीत असेल तर आपण कुणाला तरी पाठवू शकतो. काय झालंय ते माहीत आहे आणि कुठे ते नाही, तर आपण नुसते बसून राहतो."

प्रतिमानं हे मनावर कोरून घेतलं. तरीही दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका सकाळी, सात वाजून चाळीस मिनिटांनी, तो फोन आला.

एक बाई. वय झालेली, आवाज फाटलेला. "बारा, क्वीन ॲन. माझा नवरा पडलाय. श्वास घेत नाहीये."

प्रतिमानं विचारलं, "क्वीन ॲन ड्राइव्ह?"

"हो, हो, लवकर!"

तिनं ॲम्ब्युलन्स क्वीन ॲन ड्राइव्हवर सोडली आणि बाईला छाती कशी दाबायची ते सांगायला लागली. एक, दोन, तीन, चार. बाई दाबत होती, हुंदके देत होती, पुन्हा दाबत होती. तेवढ्यात ॲम्ब्युलन्सवाल्यांचा निरोप आला: बारा नंबरच्या घरात एक तरुण जोडपं नाश्ता करतंय, इथे कुणीही पडलेलं नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला क्वीन ॲन कोर्ट नावाची एक बंद गल्ली होती. तिथेही बारा नंबरचं घर होतं. बाईनं घाबरून "हो, हो" म्हटलं होतं, ड्राइव्ह की कोर्ट हे तिच्या कानावर पडलंच नव्हतं. ॲम्ब्युलन्स वळून तिथे पोचेपर्यंत सहा मिनिटं वर गेली. प्रतिमा शेवटपर्यंत त्या बाईबरोबर आकडे मोजत राहिली. दारावर थाप ऐकू आली, फोन बंद झाला.

तो माणूस गेला. नाव कोवाल्स्की, वय एकाहत्तर. नंतर चौकशी झाली. डॉक्टरांनी लिहून दिलं की हृदय इतकं अचानक आणि पुरतं बंद पडलं होतं की सहा मिनिटं आधी पोचले असते तरी उपयोग नव्हता. डिस्पॅचरनं प्रश्न बरोबर विचारला होता, असाही शेरा मिळाला. डार्लीन म्हणाली, "कागद वाचलास ना? आता घरी जा, झोप." प्रतिमानं कागद वाचला. पण घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सुमंतनं "काय गरज आहे" असं पुन्हा म्हटलं असतं, आणि त्या दिवशी तिला ते ऐकायचं नव्हतं.

तिच्या हातात होतं ते तिनं केलं. गावाच्या बोर्डाकडे अर्ज दिला की या दोनपैकी एका रस्त्याचं नाव बदला. बोर्डाची सभा मार्चमध्ये झाली. शाळेच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं आली होती, त्यातली बहुतेक क्वीन ॲन कोर्टची. प्रतिमा मागच्या रांगेत बसली होती. अर्ज खात्याच्या नावानं होता, त्यामुळे ती कोण हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

एकामागून एक लोक माइकपाशी येऊन बोलले. एकाला लायसन्सवरचा पत्ता बदलायचा त्रास नको होता. एक जण म्हणाला, ड्राइव्हवाल्यांनी बदलावं, आम्ही आधीचे. मग एक उंच, वाकलेली बाई काठी टेकत पुढे आली. तिनं नाव सांगितलं, हेलन कोवाल्स्की.

प्रतिमानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"या नावामुळे माझ्या नवऱ्याची ॲम्ब्युलन्स चुकीच्या घरी गेली," हेलन म्हणाली. "तेव्हा तुम्हाला वाटेल मी बदला म्हणेन. पण मी नको म्हणायला आले आहे. आम्ही हे घर घेतलं तेव्हा वॉल्टर मला म्हणाला होता, हेलन, पोलंडहून माझी आजी एका ट्रंकेनिशी आली, आणि आता तू राणीच्या रस्त्यावर राहणार. त्यानं लाकडात कोरून तो पत्ता दारावर लावलाय. तो तिथेच राहील. आणि दुसरं. त्या सकाळी फोनवर जी मुलगी होती, ती शेवटपर्यंत माझ्याबरोबर होती. मी एकटी नव्हते. एवढंच."

अर्ज पाच विरुद्ध दोन असा फेटाळला गेला. प्रतिमा गाडीत येऊन बसली आणि बराच वेळ तिनं किल्ली फिरवली नाही. तिला हरल्यासारखं वाटत नव्हतं. पण सुटल्यासारखंही वाटत नव्हतं.

त्या आठवड्यात तिनं एक वही घेतली. नाव बदलणार नसेल, तर नावाचे सगळे अर्थ आपल्याला माहीत असायला हवेत. पहिल्या पानावर तिनं लिहिलं, क्वीन ॲन. खाली: एक, ड्राइव्ह. दोन, कोर्ट. मग तिच्या लक्षात आलं की जुन्या गावात चर्चसमोर एक पिवळं घर आहे, कोपऱ्यात गोल मनोरा, भोवती नक्षीदार लाकडी व्हरांडा. त्या बांधणीलाच क्वीन ॲन म्हणतात, आणि गावातले म्हातारे त्या घराला नुसतं "द क्वीन ॲन" म्हणतात. तिथे आता दातांचा दवाखाना आहे. तिनं लिहिलं: तीन.

एवढी जिथे तिथे बसलेली ही राणी होती तरी कोण, म्हणून तिनं लायब्ररीत पुस्तक काढलं. तीनशे वर्षांपूर्वीची इंग्लंडची राणी. सतरा वेळा गरोदर राहिली आणि एकही मूल मोठं झालं नाही. बारा वर्षं राज्य केलं, बरीचशी दुखणी अंगावर काढत. प्रतिमानं पुस्तक मिटलं. तिच्या डोळ्यांसमोर राजवाडा काही आला नाही, दमलेली एक बाई तेवढी आली.

पुढे वही वाढत गेली. रविवारी सुमंत क्रिकेट पाहायला बसला की प्रतिमा गाडी काढायची. एकसारख्या नावाचे रस्ते, नंबर नसलेली कोठारं, सायकलच्या वाटेवरचे मैलाचे दगड. एकदा मुलगी, रुचा, बरोबर आली. विजेच्या उंच तारांचे लोखंडी टॉवर जिथे रस्ता ओलांडतात तिथे आई गाडी थांबवून टॉवरच्या पाटीवरचा नंबर लिहून घेतेय, हे पाहून ती म्हणाली, "मॉम, दिस इज सो वीअर्ड. हू नीड्स दिस?"

"असू दे," प्रतिमा म्हणाली. "लागत नाही तोवर बरंच आहे."

अशी आठ वर्षं गेली.

मागच्या सप्टेंबरातली गोष्ट. घरोघरी गणपती बसले होते, गौरींचं जेवण दोन दिवसांवर होतं. दुपारचे साडेचार झाले होते. प्रतिमाची शिफ्ट संपायला दीड तास होता. शेजारच्या खुर्चीत डार्लीन होती. आता ती सुपरवायझर झाली होती, पण माणसं कमी पडली की स्वतः फोन घ्यायची.

"सर, कुठे? व्हेअर?" डार्लीन तिसऱ्यांदा विचारत होती. मग तिनं हात वर करून प्रतिमाकडे पाहिलं. "म्हातारा माणूस आहे. क्वीन ॲन, क्वीन ॲन एवढंच कळतंय. बाकी तुमच्याकडची भाषा असावी. ऐकतेस?"

प्रतिमानं फोन आपल्याकडे ओढला. कानावर आलं, "अहो, माझी मंडळी पडलीय हो! कुणी ऐकतंय का?"

"ऐकतेय काका," प्रतिमा म्हणाली. "मी मराठी आहे. फोन अजिबात ठेवू नका. कुठे आहात तुम्ही?"

तो माणूस लहान मुलासारखा म्हणाला, "मराठी?"

"हो. प्रतिमा माझं नाव. कुठे आहात?"

"क्वीन ॲन. क्वीन ॲनपाशी. मी गुरुनाथ जगदाळे. हिला गांधीलमाश्या चावल्या हो. तोंड सुजलंय सगळं, बोलताना धाप लागतीय."

"आधी तिथून वीस पावलं लांब या. माश्यांपासून लांब. चालवतंय त्यांना?"

"धरून आणतो."

समोरच्या पडद्यावर प्रतिमाला फोनची जागा दिसत होती, म्हणजे दिसतच नव्हती. फोन भारतातला, इथलं सिम नव्हतं, घरच्या वायफायवर चालणारा. मोबाइलच्या जवळच्या खांबावरून फोन आलाय एवढंच मशीन सांगत होतं. तीन मैलांचं वर्तुळ, त्यात ड्राइव्हही येत होतं आणि पिवळं घरही. फोन तुटला तर परत लावायलाही नंबर नव्हता. डार्लीननं एक ॲम्ब्युलन्स क्वीन ॲन ड्राइव्हकडे सोडली होती, दुसरी पिवळ्या घराकडे.

"आलो लांब," गुरुनाथकाका धापा टाकत म्हणाले.

"त्यांना खाली बसवा, पाठीला आधार द्या. आडवं करू नका, श्वासाला त्रास होईल. पाणी, गोळी काही देऊ नका. आता मला सांगा, क्वीन ॲन नावाची पाटी कुठे आहे? रस्त्यावर?"

"पाटी नाही हो."

"मग घर आहे का? पिवळं, मनोऱ्याचं?"

"इथे घर नाही एकसुद्धा. मोकळं रान आहे. क्वीन ॲन म्हणजे ही फुलं! कालच मुलीनं सांगितलं, याला क्वीन ॲन काहीतरी म्हणतात. हिला गौरीपुढे ठेवायला हवी होती म्हणून तोडायला आलो."

"कसली फुलं?"

"पांढरी. छत्रीसारखी, जाळीजाळीची. मधोमध लाल टिपका. मुळाला गाजराचा वास येतो."

प्रतिमानं हे सगळं इंग्रजीत मोठ्यानं सांगितलं. डार्लीननं कपाळावर हात मारला. "हनी, ते क्वीन ॲन्स लेस! रानगाजर. राणी लेस विणत होती, बोटात सुई गेली आणि रक्ताचा थेंब पडला, अशी गोष्ट सांगतात. या दिवसांत प्रत्येक खड्ड्याच्या कडेला उगवलंय ते."

आठ वर्षं ती वही भरत होती आणि ज्या फुलाशेजारून रोज गाडी नेत होती त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. पण वाईट वाटून घ्यायला तेव्हा वेळ नव्हता. ॲम्ब्युलन्स रिकाम्या पत्त्यांकडे धावत होत्या. हातात होतं ते फक्त मोकळं रान.

"काका, मावशी जाग्या आहेत ना? त्यांच्याशी बोलत राहा. मला सांगा, मुलीच्या घराचा पत्ता येतो का? नसेल येत, तर घरातून निघाल्यावर कसे चालत गेलात?"

आणि गुरुनाथकाकांचा आवाज एकाएकी बदलला. घाबरलेला म्हातारा बाजूला झाला आणि दुसराच माणूस बोलायला लागला. "ऊन डाव्या हाताला धरून निघालो. वसाहत संपली, डांबरी पायवाट लागली. एका मोरीवरून पलीकडे आलो, दोन नळ्यांची मोरी. तिथून साडेचारशे पावलं. मी पाटबंधाऱ्यात होतो ताई, सदतीस वर्षं कालवे मोजलेत. पावलं आपोआप मोजली जातात."

"वा काका! वर बघा. विजेच्या मोठ्या तारा आहेत का?"

"आहेत की. गुणगुणतायत."

प्रतिमाची वही ड्रॉवरमध्ये होती. तिनं ती बाहेर काढली. "लोखंडी टॉवर किती लांब आहे?"

"पन्नास-साठ पावलं."

"टॉवरच्या पायावर एक पाटी असते, त्यावर आकडा असतो. तो वाचून या. पळू नका. फोन हातातच ठेवा."

"हिला सोडून जाऊ?" त्यांचा आवाज पुन्हा कापला.

लांबून एक घोगरा, अडखळता आवाज आला. "जा... की. मी... कुठं... पळतीय."

काका गेले. प्रतिमाला फोनमध्ये वाळलेल्या गवताची सळसळ ऐकू येत होती आणि त्यांचं पुटपुटणं: अठरा, एकोणीस, वीस. तीही मनात मोजायला लागली. बाजूला डार्लीन पेन धरून उभी होती.

"एक, दोन, चार," काका ओरडले. "एकशे चोवीस!"

वहीत बेकर रोडपाशी एकशे अठरा लिहिलं होतं. टॅनरी रोडपाशी एकशे एकतीस. मध्ये फक्त सायकलची वाट होती आणि त्या वाटेला गाडी आत जाण्याजोगं एकच फाटक होतं, बेकर रोडच्या बाजूनं. तेही वहीत होतं, कुलूप कुठल्या खात्याचं आहे त्यासकट.

"बेकर रोडचं फाटक," तिनं डार्लीनला सांगितलं. "आत सरळ, सहावा टॉवर. डाव्या हाताला."

डार्लीन रेडिओवर बोलायला लागली. प्रतिमा फोनवर परतली. "काका, गाडी निघाली. आता मावशींपाशी जा. फोन त्यांच्या तोंडाजवळ धरा. मावशी, नाव काय तुमचं?"

"सु...हासि...नी."

"सुहासिनीमावशी, मी प्रतिमा. बोलू नका, नुसतं ऐका. नाकातून हळू श्वास घ्या. माझ्याबरोबर. आत... बाहेर. काका, त्यांचे डोळे उघडे आहेत?"

"हो. पण ओठ निळसर दिसतायत हो ताई."

"मावशी, आत... बाहेर. आमच्याकडे नागपूरला गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. दोन दिवसांनी जेवायच्या आहेत ना त्या? तुमच्याशिवाय पुरण कोण वाटणार? आत... बाहेर."

तिचा आवाज स्थिर होता. डार्लीननं खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली. चार मिनिटं प्रतिमा नुसतं "आत, बाहेर" म्हणत राहिली. मग फोनमध्ये इंजिनचा आवाज आला, काका "इथं! इथं!" ओरडले, एक पुरुषी आवाज इंग्रजीत म्हणाला, "वुई गॉट हर." फोन बंद झाला.

एकूण अकरा मिनिटं. त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, हॉस्पिटलमध्ये नेलं. तासाभरानं डार्लीननं तिकडे फोन करून विचारलं आणि अंगठा वर करून दाखवला.

प्रतिमा बाथरूममध्ये जाऊन रडली. मग तोंड धुऊन राहिलेली वीस मिनिटं तिनं काम केलं. एकाचं कुत्रं हरवलं होतं, एकाची गाडी बंद पडली होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सुमंत कुकर लावत होता. तिनं ओट्याला टेकून उभ्याउभ्या सगळं सांगितलं. आणि का कोण जाणे, तिथे न थांबता ती मागे गेली, कोवाल्स्कीच्या सकाळपर्यंत. बारा नंबर, ड्राइव्ह आणि कोर्ट, सहा मिनिटं, काठी टेकत आलेली हेलन. सुमंतनं गॅस बंद केला. शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या होत्या.

"एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"तू म्हणाला असतास, काय गरज आहे."

तो हातातलं फडकं ठेवून तिच्यासमोर आला. मग म्हणाला, "हो. म्हणालो असतो." आणि थोड्या वेळानं, "चुकलं असतं माझं." प्रतिमानं डोळे पुसले आणि कुकर उघडला. भात गिचका झाला होता. दोघांनी तोच खाल्ला.

नोव्हायच्या मराठी जगात प्रतिमा नावाची आणि नाइन वन वनमध्ये काम करणारी बाई शोधायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्याच दिवशी सकाळी अदितीचा, म्हणजे काका-मावशींच्या मुलीचा, फोन आला. आदल्या दुपारी ती चिप डिझाइनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होती, बाहेर आली तर तिच्या फोनवर हॉस्पिटलचे सात मिस्ड कॉल होते. ती नीट बोलूही शकत नव्हती. शेवटी म्हणाली, "आई आज घरी येतेय. तिनं सांगितलंय, उद्या गौरी जेवतील तेव्हा पहिलं ताट तुमचं. आणि आई ऐकणारी नाही."

प्रतिमा आणि सुमंत गेले. दारात तांदळाच्या पिठाची पावलं काढली होती. सुहासिनीमावशींचा एक डोळा अजून अर्धवट मिटलेला होता, गाल सुजलेला, पण काठपदरी साडी नेसून त्या खुर्चीत बसून सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. प्रतिमा वाकली तसं त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नुसतं बघत राहिल्या.

"आवाजावरनं मला वाटलं, तू उंच असशील," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. गौरींपुढे बाजारातला शेवंतीचा हार होता. रानातलं काही आणायचं नाही असं अदितीनं बजावलं होतं.

जेवताना गुरुनाथकाका प्रतिमाच्या शेजारी बसले. बुटके, काटक, पांढऱ्या मिशा. त्यांनी खाली मान घालून हळूच म्हटलं, "ताई, मला एका गोष्टीची लाज वाटतीय. सदतीस वर्षं नोकरी केली, दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. आणि पोटच्या पोरीच्या घराचा पत्ता मला सांगता आला नाही."

"मग आता पाठ करू या," प्रतिमा म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. पुरणपोळी नंतर. अदिती, घराचा नंबर काय तुमचा?"

अदितीनं सांगितला. काकांनी वाटी बाजूला सारली, शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले. "चार, दोन, सात, एक, शून्य. फॉक्स..." ते अडकले.

"फॉक्सग्लोव्ह लेन," अदिती म्हणाली.

"म्हणजे काय असतं ते?"

"तेही एक फूल आहे, बाबा."

"हात्तिच्या! यांना दुसरी नावं मिळत नाहीत का?" काका वैतागले. मावशी पदराआड हसायला लागल्या आणि सुजलेला गाल दुखला म्हणून कळवळल्या.

"परत म्हणा काका," प्रतिमा म्हणाली.

सुमंतनं स्वतःचं ताट थोडं सरकवून घेतलं, हातातला घास खाली ठेवला आणि काकांबरोबर तोही मोठ्यानं म्हणायला लागला.